हिलालनानांचा सडपातळ फोन

आमच्या कॉलेजात नवा माणूस रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात हिलालनाना त्याच्यासमोर येऊन उभे राहत. स्वतःचं नाव सांगत नसत. सदऱ्याच्या वरच्या खिशातून दोन बोटांनी फोन काढत, आडवा धरत आणि म्हणत, "जाडी दखा."

समोरचा बघे.

"ग्लुकोजनं बिस्किट यान्हापेक्षा जाड ऱ्हास. आते कानले लावा. बोलाले नही. ऐकाले."

मग त्या बिचाऱ्याला एक गाणं शेवटपर्यंत ऐकावं लागे. मधे सुटका नसे. गाणं संपलं की नाना विचारत, "दुसऱ्या कडव्यामांगे टाळ वाजतस, ऐका का?" नवा माणूस घाबरून हो म्हणे. नाना खूश होऊन निघून जात. त्यांचं नाव हिलाल आहे आणि ते प्रयोगशाळेत काम करतात, हे त्या माणसाला दुसऱ्या कोणाकडून तरी कळे.

मी लोणखेड्याच्या ज्युनिअर कॉलेजात अकरा वर्षं फिजिक्स शिकवलं. नाना आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. कागदावर परिचर, पण प्रयोगशाळा खरी त्यांचीच होती. आम्ही मास्तर लोक तिथे येऊन-जाऊन असायचो. नाना रोज सकाळी कळसाडीहून मोपेडवर येत. घरी थोडा कापूस, थोडा ऊस, बायको सुमनकाकू. मुलगा सुरतेला. अंगानेही नाना त्या फोनसारखेच, एका बाजूने पाहिलं तर दिसणार नाहीत असे.

त्यांच्या दोन भाषा होत्या. सरकारी काम असलं की शाळेतली मराठी, तीही अर्जात लिहितात तशी. "मॅडम, सदर बीकर फुटलेला आहे." फोनचा विषय निघाला की मात्र सरळ अहिराणी. त्या फोनबद्दल त्यांना शुद्ध मराठीत एक वाक्य बोललेलं मी कधी ऐकलं नाही.

फोन साधाच, बटणांचा. पण खास गाण्यांसाठी काढलेला. डाव्या कडेला गाणी पुढे-मागे करायची वेगळी बटणं, वरच्या बाजूला इअरफोनचं भोक, पाठीमागे दोन बारीक जाळ्या. बैलबाजारातून आलेला माणूस जसं सांगतो तसं नाना त्याच्याबद्दल सांगत. आधी गुण, मग खोडी. खिशात हात घालून, न बघता गाणं बदलता येतं, हा मोठा गुण. कार्डात दोन पिढ्यांची गाणी मावतात. एवढासा जीव, पण पूर्ण मोठा केला तरी आवाज फाटत नाही. खोडी म्हणाल तर पातळ असल्यामुळे कोणत्याही खिशातून सटकतो. एकदा प्राचार्यांच्या चहाच्या ट्रेमध्ये जाऊन पडला होता. पातळ अंगात बॅटरीही पातळ, दुपारी चारला मान टाकतो. टॉर्च काजव्याएवढा. फोटो काढला तर सगळी माणसं कावीळ झाल्यासारखी येतात. मराठीत मेसेज आला तर नुसते चौकोन दिसतात. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे बोलण्यात कच्चा. गाणं खणखणीत, पण कोणाचा फोन आला तर समोरचा माणूस गोधडीतून बोलल्यासारखा वाटतो.

"मोबाईल नही शे हाऊ, वाजंत्री शे," नाना म्हणत. "वाजंत्रीले कोणी इचारस का, घरना काय हालहवाल?"

हे सगळं मी पहिल्या वर्षी कौतुकाने ऐकलं, दुसऱ्या वर्षी हसून, आणि पुढे नाना लांबून दिसले की मला हटकून काहीतरी तपासायचं आठवायचं. स्टाफरूममध्ये सगळ्यांचंच तसं होतं.

पण त्यांचा कान मात्र खरा होता. बारावीला एक प्रयोग असतो. उंच काचेची नळी, तिच्यात पाणी. पोलादी काटा रबरावर आपटायचा, तो वाजू लागला की नळीच्या तोंडाशी धरायचा आणि पाणी हळूहळू खाली न्यायचं. एका ठरावीक जागी आवाज एकदम भरून येतो. तिथे मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा. एवढंच. पण ती जागा मुलांना सापडत नाही. वीस जण वीस काटे वाजवत असतात, कोणाचा आवाज कोणता कळत नाही. नाना दाराशी स्टुलावर बसून, डोळे मिटून म्हणत, "तिसरं टेबल. आते आवाज उना. मागं सरकू नको." तिसऱ्या टेबलावरचा आकडा बघावा तर अगदी बरोबर. मी हातात पुस्तक घेऊन शिकवत होते, ते नुसत्या कानाने.

मग फोनच्या खोडी वाढू लागल्या.

एका दिवाळीनंतर नाना म्हणाले, बासरी बारीक झाली. मी लक्ष दिलं नाही. थोड्या महिन्यांनी म्हणाले, टाळ जवळजवळ गेले. मग गाण्यातल्या शब्दांची टोकं गळायला लागली, 'स' आणि 'श' तर फोन खाऊनच टाकतो म्हणाले. शहाद्याच्या दुरुस्तीच्या दुकानात नेऊन त्यांनी स्पीकर बदलला. दुकानदार म्हणाला, फोनला काही झालेलं नाही. नाना म्हणाले, दुकानदाराला काही कळत नाही. इअरफोन बदलले, कार्ड बदललं. शेवटी त्यांनी कंपनीला पत्र लिहायचं ठरवलं आणि मसुदा माझ्याकडे तपासायला आणला. ते पत्र मला अजून पाठ आहे.

"विषय: आपल्या यंत्रातील टाळ गायब झाल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर यंत्र सडपातळ व सुबक असून त्याबद्दल तक्रार नाही. तथापि त्यातून प्रथम बासरी, तदनंतर टाळ व अलीकडे बायकांचा आवाज क्रमाक्रमाने नाहीसा होत आहे. ढोलकी अद्याप शाबूत आहे. तरी उरलेले जाण्यापूर्वी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती."

मी स्टाफरूममध्ये ते मोठ्याने वाचून दाखवलं. आम्ही सगळे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. गणिताचे सर म्हणाले, पुढच्या पत्रात ढोलकीचा मृत्यूचा दाखला जोडा. मी एक-दोन वेलांट्या दुरुस्त करून पत्र परत दिलं. कान जायला लागले की आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, खालच्या पट्टीतले शेवटपर्यंत राहतात, हे मी दरवर्षी वर्गात शिकवत होते. तरी ते पत्र वाचताना माझ्या डोक्यात काही आलं नाही. अजून मला त्याची लाज वाटते.

इतर खुणाही होत्या. एकदा मी विचारलं, "नाना, कात्री आहे का?" ते म्हणाले, "खात्री आहे मॅडम, शंभर टक्के." आणि निघून गेले. जार मागितला तर तार आणायचे. सांगितलं की म्हणायचे, आजकालचे लोक पुटपुटतात, तोंड उघडून बोलत नाहीत. आम्ही त्यालाही हसलो. नानांचा स्वभावच तसा, असं म्हणून मोकळे झालो. शिवाय ते आमच्यापेक्षा जास्त बोलायचे. भेटले की फोनचे गुण आणि खोडी सुरू, आपल्याला काही बोलायची वेळच येत नसे.

त्याच काळात त्यांची मोठी बहीण वारली. ती तळोद्याला दिली होती. तिच्या सासरहून फोन आला तेव्हा नाना प्रयोगशाळेत होते, मी समोर होते. ते फोन कानाला लावून "हा, हा, बरं" असं म्हणाले, येतो म्हणाले आणि फोन खिशात ठेवून पुन्हा नळ्या पुसायला लागले. मी विचारलं, कोण होतं? म्हणाले, "भाचा. काही नही, ख्यालीखुशाली."

भाच्याने सांगितलं होतं की आईचं आता काही खरं नाही, ती तुमचं नाव घेते आहे, ताबडतोब निघा. नाना गेले नाहीत. तीन दिवसांनी गावातल्या कोणीतरी रस्त्यात गाठून विचारलं, तुम्ही मातीला दिसला नाहीत. तेव्हा त्यांना कळलं.

ते परत कामावर आले त्या दिवशी सगळे त्यांच्या टेबलाभोवती जमले. नानांनी फोन टेबलावर ठेवला होता. "यान्ही घात कया," ते म्हणाले. "बोलाले कच्चा शे, मी तुम्हले पहिलेच सांगं व्हतं." आम्ही सगळ्यांनी त्या फोनला शिव्या घातल्या. कोणी म्हणालं, आजच नवा घ्या. नानांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी तोच फोन खिशात घालून आले.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी काय झालं, ते सांगायचं म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्या वर्गात रविना नावाची मुलगी होती. तळोद्याहून जीपने वर डोंगरात दीड-दोन तास गेलं की तिचं गाव. घरी पावरी बोलतात. इथे वसतिगृहात राहायची. अकरावीला आली तेव्हा तिला मराठी जेमतेम यायची. वर्गात कोणी काही विचारलं की ती हसायची आणि मान हलवायची. नानांनी तिला प्रयोगशाळेतल्या एकेका वस्तूवर बोट ठेवून नावं शिकवली होती. परीक्षेत चिठ्ठी उचलली तर तिला नळीचाच प्रयोग आला.

बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. त्यांनी तिचा कागद पाहिला. पहिला आकडा एकोणीस. त्या काट्याला सोळाच्या आसपास यायला हवा. ते म्हणाले, "तुला आवाज ऐकू आला होता का, की मनाने लिहिलंस?" रविना गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. ती खाली बघत राहिली. त्यांनी माझ्याकडे वळून म्हटलं, "मॅडम, यांना आकडे बनवायचेही धड जमत नाहीत." आणि लाल पेनने गुण काढून टाकले.

दुपारच्या सुट्टीत मी तिला व्हरांड्यात गाठलं. कागदावर एकोणीसच्या आधी काहीतरी खोडलेलं मला दिसलं होतं.

"आधी काय लिहिलं होतंस?"

"सोळा."

"मग खोडलं का?"

तिने प्रयोगशाळेच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "नाना बोलले, अजून खाली ने. अजून आला नाही. मला तर आला होता. पण नाना बोलले."

"मग परीक्षकांना सांगायचं नाही का?"

"नानांचं नाव कसं घेऊ, मॅडम?" आणि मग ती म्हणाली, "नानांना ऐकू येत नाही. मी त्यांच्याशी हातानेच बोलते."

मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला मराठी येत नव्हतं तेव्हा मी पण तशीच करायची. कळलं नाही तरी हसायचं. मान हलवायची. नाना तसंच करतात."

मी प्रयोगशाळेत गेले. नाना दुसऱ्या तुकडीसाठी नळ्यांत पाणी भरत होते. फोन खिडकीत पडला होता, इअरफोन गुंडाळून. मी हाताने विचारलं, ऐकू का? त्यांना आनंदच झाला, कारण मी आपणहून कधी मागितला नव्हता. त्यांनीच ते गाणं लावून दिलं, टाळ गेलेलं. मी इअरफोन कानात घातले.

बासरी होती. बायकांचा आवाज होता. दुसऱ्या कडव्यामागे टाळ तर इतके स्वच्छ वाजत होते की मोजता आले असते.

नाना माझ्या तोंडाकडे बघत होते.

"वाजतस?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"दोन्ही कानले?"

"दोन्ही."

त्यांनी फोन घेतला, वायर नीट गुंडाळली आणि खिशात ठेवला. मग म्हणाले, "स्पीकर बदलेल शे ना, म्हणून व्हई." मला त्यांना तसंच सोडून बाहेर जायचं होतं. पण व्हरांड्यात ती मुलगी उभी होती. मी रफ वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, 'रविनाचा सोळा बरोबर होता. तुम्ही सांगितलं म्हणून तिने एकोणीस केला. तिचे गुण गेले.'

नानांनी ते वाचलं. एवढ्या दोन ओळी वाचायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ त्यांनी घेतला. हात पुसले. टोपी घातली आणि प्राचार्यांच्या खोलीकडे निघाले. मी मागे गेले. परीक्षक तिथे जेवत होते. नाना दारातच उभे राहिले आणि शाळेतल्या मराठीत, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाले, "साहेब, मी बहिरा आहे. सदर मुलीचा आकडा बरोबर होता. मी तिला चुकीचं सांगितलं. तिची चूक नाही."

परीक्षकांनी घास खाली ठेवला. काहीतरी विचारलं. नानांना कळलं नाही. ते हसले आणि त्यांनी मान हलवली, मग एकदम थांबले आणि माझ्याकडे वळले. मी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले, "साहेब विचारतात, कधीपासून?"

"दोन वर्षं झाली," नाना म्हणाले. "जास्तच."

म्हणजे कंपनीला पत्र लिहिलं तेव्हा त्यांना ठाऊक होतं. दुकानातून स्पीकर बदलून आणला तेव्हाही, आणि बहिणीच्या सासरहून आलेला तो फोन खिशात ठेवला तेव्हाही.

परीक्षक कडक होते, पण वाईट नव्हते. दुसऱ्या दिवशीच्या तुकडीत त्यांनी रविनाला पुन्हा प्रयोग करायला लावला. स्वतः शेजारी उभे राहिले. सोळा आला. तिचे गुण तिला मिळाले. पण परीक्षेत परिचराने विद्यार्थ्याला आकडा सांगितला, ही गोष्टही त्यांनी अहवालात लिहिली, आणि ती खोटी नव्हती. प्राचार्यांनी नानांना प्रयोगशाळेतून काढून फाटकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्या घ्यायला बसवलं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. फाटकावर माणसं नाव सांगायची, नाना भलतंच लिहायचे, माणसं हसायची. चौथ्या दिवशी नानांनी शिल्लक रजेचा अर्ज दिला आणि ते घरी गेले ते परत आले नाहीत. आम्ही निरोप समारंभ करायचं ठरवलं. निरोप पाठवला. ते आले नाहीत. त्यांच्यासाठी आणलेली शाल ऑफिसच्या कपाटात राहिली.

एप्रिलच्या शेवटी ती शाल घेऊन मी कळसाडीला गेले. दुपारचं ऊन होतं. शेतात वेचून झालेल्या कापसाच्या वाळक्या पळाट्या अजून उभ्या होत्या. घराच्या मागच्या अंगाला, निंबाखाली खाटेवर नाना बसले होते, भिंतीकडे तोंड करून. सुमनकाकू ओट्यावर पीठ मळत होत्या. मला बघून त्यांनी नानांच्या दंडाला हात लावला आणि ओरडून सांगितलं, "मॅडम उन्यात. सरक." नाना सरकले. काकूंनी पाण्याचा तांब्या आणला. नानांच्या पुढ्यात पेला ठेवून म्हणाल्या, "ली ले." आणि परत पिठाकडे गेल्या.

नानांनी नंदुरबारहून कानातलं यंत्र आणलं होतं. ते त्यांनी काढून मला दाखवलं. मी विचारायच्या आधीच सुरुवात केली. "हाई बी सडपातळ शे. गुण काय? भांडं पडनं ते कळस. कावळा कळस. खोड एकच. मानूस कळत नही."

"आणि फोन?" मी खूण करून विचारलं.

त्यांनी काकूंकडे बोट दाखवलं. त्या शेतात जाताना घेऊन जातात, निंदताना गाणी लावतात. "तिले टाळ ऐकू येतस," नाना म्हणाले. "बरं शे."

मी खाटेवर त्यांच्या समोर, त्यांना माझे ओठ दिसतील अशी बसले आणि विचारलं, "नाना, आम्हाला सांगितलं का नाही? आम्ही समजून घेतलं असतं."

त्यांना कळायला दोनदा विचारावं लागलं. मग त्यांनी हातातलं यंत्र खाटेवर ठेवलं.

"मन्ही माय बहिरी व्हती," ते म्हणाले.

त्यांनी जे सांगितलं ते थोडंसंच होतं. आई म्हातारपणी ठार बहिरी झाली. आधी सगळे तिच्याशी ओरडून बोलायचे. मग घसा दुखायला लागला. मग कामापुरतंच. घरात कशावरून तरी हसू फुटलं की ती एकेकाच्या तोंडाकडे बघून विचारायची, काय झालं, काय म्हणाला. नाना हाताने सांगायचे, काही नाही. पुढे तिने विचारणं सोडलं. ती हसायची आणि मान हलवायची. एका सकाळी ती उठली नाही, तर चहाची वेळ टळून जाईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती तशीही गप्पच असायची.

"मनमां वाईट काही नव्हतं, मॅडम," नाना म्हणाले. "मी तिले उपाशी ठेवं नही, मारं नही. पन चार वर्षं मी तिन्हासंगे तीनच शब्द बोलनू. जेई ले. ऊठ. सरक."

ओट्यावरचा पीठ मळण्याचा आवाज थांबला होता. नानांना ते कळलं नाही. ते बोलत राहिले, आणि आता शाळेतल्या मराठीत, जणू कोणाला तरी जबाब देत होते.

"फोन बिघडला म्हटलं की माणसं थांबतात. चार गोष्टी सांगतात. हसतात तरी. आणि मी बोलत असलो की समोरच्याला बोलावं लागत नाही. म्हणून मी बोलायचो. तुम्ही सगळे कंटाळायचे, ते मला दिसायचं. डोळे चांगले आहेत." ते थोडं हसले. "बहीण गेली तेव्हा वाटलं, सांगून टाकावं. नाही सांगितलं. त्याचं काय करायचं ते मला समजत नाही."

मी शाल पिशवीतून काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती बघितली आणि घडी न मोडता बाजूला ठेवली.

"तुम्ही येत जा, असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "लांब पडतं. पण आल्या, तर कामाचं बोलू नका."

तेव्हा मी त्यांना आमच्या स्टाफरूममधलं पंख्याचं भांडण सांगितलं. मराठीच्या मॅडमना पंखा लागतो, गणिताच्या सरांना चालत नाही, बटण एकच, आणि परवा सरांनी बटणावर चिकटपट्टी लावली. हळूहळू सांगितलं, अर्धं हाताने. गणिताच्या सरांचं नाव त्यांना तीनदा कळलं नाही. घसा कोरडा पडला. नाना आईशी का गप्प होत गेले असतील, घरातली माणसं तिच्याशी का बोलेनाशी झाली असतील, ते मला त्या दहा मिनिटांत अंगाने कळलं. चिकटपट्टीपाशी आल्यावर नाना एकदम हसले. खरंच हसले की रविना म्हणाली तसे, ते मला सांगता येणार नाही.

सुमनकाकू उठून आल्या. हात पिठाचे तसेच. खाटेच्या कडेला, नानांच्या अगदी जवळ बसल्या. काय झालं, असं त्यांनी मला विचारलं नाही. पिठाच्या बोटांनी त्यांनी नवऱ्याची हनुवटी धरली, तोंड आपल्याकडे वळवलं आणि सांगायला लागल्या. शेजारच्यांची म्हैस कशी सकाळी दावं तोडून दुसऱ्याच्या मक्यात शिरली, मग कोण कोणाला काय बोललं, म्हैस कशी सगळ्यांकडे बघत खात राहिली. मधेच थांबून त्यांनी विचारलं, "कळनं?"

नानांनी मान हलवायला सुरुवात केली. मग थांबले.

"नही," ते म्हणाले. "परत सांग."

काकूंनी परत पहिल्यापासून सांगायला घेतलं.